पऱ्हाटीचा पांढरा रंग आणि एसटीतली वीस मिनिटं

नोकरीच्या धबडग्यात फोटो एडिटिंगला वेगळा वेळ काढू म्हटलं, की तो निघत नाही. माझं सगळं काम आर्वी ते वर्धा एसटीतच होतं, खिडकीची जागा मिळाली तर. नियम एकच: एका फेरीत एकच फोटो.

वेचणीच्या दिवसांतला कापूस घ्या. आपल्याकडच्या उन्हात फुटलेलं बोंड फोटोत नुसता पांढरा डाग दिसतं आणि मजूरबाईचा चेहरा काळवंडतो. डाग एकदा पांढराफट्ट झाला, की कुठलंही ॲप त्यात धागे परत आणत नाही. म्हणून फोटो काढतानाच मोबाइलच्या पडद्यावर बोंडावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. फोटो अंधारलेला वाटेल, वाटू द्या.

मग स्नॅपसीड हे फोटो एडिटिंगचं ॲप उघडा. ते फुकट आहे. आधी हायलाइट्स, म्हणजे फोटोतले सगळ्यात उजळ भाग, कमी करा, म्हणजे कापसाचे तंतू दिसू लागतात. नंतर ‘सिलेक्टिव्ह’ घेऊन चेहऱ्यावर बिंदू ठेवा, दोन बोटांनी वर्तुळ लहान करा आणि तेवढाच भाग उजळवा. आभाळ निळंशार करायचा मोह होतो. पण भर दुपारचं आभाळ आपल्याकडे पांढुरकंच असतं. फारच रखरखीत वाटलं तर सरळ कृष्णधवल करा. शेताच्या धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) बाभळीची सावली त्यात झकास उठते.

मूळ फोटो पुसू नका. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर एवढ्या मेहनतीने आणलेले तंतू पुन्हा गायब.