घरघंटीच्या यादीत माझं नाव का नाही, हे विचारायचं कसं

मी महापालिकेत समूहसंघटिका होते, बावीस वर्षं. घरघंटी म्हणजे घरगुती पिठाची गिरणी, शिलाई मशीन, छोट्या धंद्यासाठी अर्थसाहाय्य, असले अर्ज माझ्याच टेबलावरून जायचे. यादी लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी बायका उभ्या. "मॅडम, तिचं आलं, माझं का नाही?" आमचं उत्तर ठरलेलं, "निधी संपला, पुढच्या वर्षी बघू." ते खोटं नसायचं. पण निधी तर दोघींसाठी सारखाच संपला होता. मग तिचं कसं आलं?

त्या प्रश्नाचं उत्तर फायलीत असतं. ते बाहेर काढायची तयारी मात्र अर्ज भरायच्या आधीपासून लागते.

सुरुवात पैशापासून करा. महापालिका आपल्या अर्थसंकल्पात महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी वेगळा ठेवते. अंदाजपत्रकाचं पुस्तक महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळतं. त्यात आपल्या योजनेसमोरचा आकडा बघा आणि भागाकार करा. समजा शिलाई मशीनसाठी २० लाख ठेवलेत आणि एकीला १० हजार मिळणार, तर २०० नावं यायला हवीत. यादी १४० चीच असेल तर "निधी संपला" म्हणणाऱ्याला उरलेल्या ६० जणींचं विचारा. हा भागाकार करून आलेल्या बाईशी आमचे साहेबसुद्धा जरा सावरून बोलायचे.

मग जाहिरात. तिचा फोटो काढून ठेवा, कारण मुदत वाढते, अटी बदलतात आणि जुना कागद फलकावरून गायब होतो. निकषांत "गरजू महिलांना प्राधान्य" एवढंच लिहिलं असेल तर तिथेच थांबा. गरजू म्हणजे कोण? विधवा आधी की दिव्यांग? दोघींचं उत्पन्न सारखं असेल तर कोणाला द्यायचं? शेवटच्या तारखेआधी हे लेखी विचारा. यादी लागल्यावर विचारलंत तर उत्तर त्या यादीला जुळेल असंच बेतून येतं.

अर्ज स्वतः नेऊन द्या. नगरसेवकाच्या कार्यालयात दिलेले अर्ज एका पत्राखाली गठ्ठ्याने आमच्याकडे यायचे. आवक क्रमांक पडायचा त्या पत्राला, आतल्या अर्जांना नाही. म्हणजे तुमचा अर्ज कधी आला, आला तरी का, हे सांगणारा कागदच नाही. झेरॉक्सवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "साहेब जेवायला गेलेत" म्हणाले तर बसून राहा. जेवण संपतं.

आता माझ्याकडून झालेली चूक सांगते. भाजणीचं पीठ आणि चकल्या विकणाऱ्या एका बाईंचा अर्ज मी त्रुटीच्या गठ्ठ्यात टाकला. उत्पन्नाचा दाखला आदल्या वर्षीचा होता, एवढंच. त्रुटी अर्जदाराला कळवायची असते. मी कळवलं नाही. पाचशे अर्ज, मदतीला एक शिपाई, राहून गेलं. यादीत त्यांच्या नावापुढे "कागदपत्रे अपूर्ण" छापून आलं. त्या आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "कोणता कागद ते सांगितलं असतं तर दोन दिवसांत आणला असता." माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून सांगते, अर्ज दिल्यावर पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन विचारा आणि त्रुटी असेल तर ती लिहून मागा. "कागदपत्रे अपूर्ण" हे कारण नव्हे. कोणतं कागदपत्र, ते कधी मागितलं, हे सांगितलं तरच कारण.

स्थळपाहणीला माणूस येईल तेव्हा त्याने काय लिहिलं ते वाचूनच सही करा. (शेजारणीची गिरणी आपल्या घरात आणून ठेवलेल्या बायकाही मी पाहिल्यात. त्यांचं नाव लागतं म्हणजे खऱ्या धंदेवालीचं कटतं.)

नाव लागलं की वस्तूचा विषय येतो. पूर्वी मशीन निविदा काढून यायच्या आणि त्यांच्या दर्जाबद्दल न बोललेलं बरं. डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयानंतर वस्तूऐवजी पैसे थेट खात्यात देण्याची पद्धत आली, म्हणजे खरेदी आपण करायची आणि पावती दाखवायची. "अमुक दुकानातूनच घ्या" असं कोणी म्हणालं तर तेवढंच कागदावर लिहून मागा. कोणी देत नाही.

यादीत नाव नाही आणि कारणही नाही, तर माहिती अधिकार. कायद्याच्या कलम ४(१)(ख) मध्ये १७ बाबी आहेत. त्यांतली बारावी म्हणते की अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयाने न मागताच प्रसिद्ध करायचं. अर्जात या बाबीचा उल्लेख जरूर करा. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. मजकूर साधा ठेवा:

"सन अमुक मधील घरघंटी योजनेची पात्र, अपात्र व प्रतीक्षा यादी, प्रत्येक अपात्र अर्जापुढील कारण, छाननी समितीच्या बैठकीचे इतिवृत्त आणि माझ्या अर्जावरील टिपणीची प्रत मिळावी. अर्ज आवक क्रमांक अमुक. मूळ फाईल पाहण्याची परवानगीही मिळावी."

दुसऱ्यांचे आधार क्रमांक किंवा बँक खाती मागू नका. ती त्यांची खासगी बाब आहे आणि सगळाच अर्ज नाकारायला तेवढं निमित्त पुरतं. "का दिलं नाही?" असाही प्रश्न लिहू नका, कागद मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. तिथेही दाद लागली नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग. आयोगाकडे वेळ फार जातो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीची तयारी नीट करून जा. पुष्कळ वेळा फाईल तिथेच उघडते.

टेबलापलीकडे बसणाऱ्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर दोनच गोष्टी. समितीतल्या कोणाची जाऊ, भावजय अर्जदार असेल तर त्याने त्या नावापुरतं उठून बाहेर जावं आणि तसं इतिवृत्तात यावं. आणि सारख्या पात्रतेच्या बायका जास्त, निधी कमी, अशी वेळ आली तर त्यांच्यासमोर चिठ्ठ्या काढा. आम्ही एका वर्षी काढल्या होत्या, सभागृहात, एका शाळकरी मुलीच्या हातून. त्या वर्षी माझ्या दाराशी कोणी आलं नाही.

फाईल बघायला परवानगी मिळाली की दोघी जा. पहिला तास फुकट असतो. एकीने वाचायचं, दुसरीने पान क्रमांकासकट लिहून घ्यायचं. आणि फाईल काढून देणाऱ्या लिपिकाशी भांडू नका. निर्णय त्याने घेतलेला नसतो, आणि कुठल्या पानावर काय आहे हे त्यालाच ठाऊक असतं.