इंजिन नवं बांधलं, तरी ऑइल प्रेशर कमी का?

अँबॅसिडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन अजूनही अधूनमधून गॅरेजात फुल कामाला, म्हणजे पूर्ण उघडून नव्याने बांधायला, येतं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजमधलं, तीन मेन बेअरिंगचं. बोरिंग होतं, क्रँक ग्राइंड होतो, नवे बेअरिंग पडतात, आणि गाडी गरम झाली की आयडलिंगला ऑइल प्रेशरचा काटा खाली येऊन बसतो. नवशिक्याचा हात लगेच रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगकडे जातो: खाली वायसर टाकू, प्रेशर वाढेल. बहुतेक वेळा त्याने काहीच वाढत नाही.

पंप फक्त तेल ढकलतो. त्या तेलाला बेअरिंगच्या फटीतून बाहेर पडायला जो अडथळा होतो, त्यातून प्रेशर तयार होतं. रिलीफ व्हॉल्व्ह वरची मर्यादा ठरवतो, एवढंच. आयडलिंगला तो आधीच बंद असतो. बंद दाराला दुसरी कडी लावून उपयोग नाही.

आधी मोजमाप. डॅशबोर्डवरच्या मीटरवर विश्वास ठेवू नका. प्रेशरची लाइन किंवा स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा. इंजिन चांगलं गरम होऊ द्या. थंड तेलावरचं रीडिंग नेहमी छान दिसतं आणि फसवतं. याच घराण्यातलं इंजिन असलेल्या एमजीबी या ब्रिटिश गाडीचं मॅन्युअल आयडलिंगला १० ते २५ आणि चालताना ५० ते ८० पीएसआय सांगतं. अंदाजासाठी दर १००० आरपीएमला १० पीएसआय हा जुना हिशेब पुरतो. म्हणजे गरम इंजिनावर आयडलिंगला १५ दाखवत असेल, तर इंजिन उघडायचं कारण नाही.

आता काटा काय करतो ते बघा. आयडलिंग ठीक, पण रेस दिल्यावर काटा ३०-३५ च्या पुढे सरकत नाही, तर रिलीफ व्हॉल्व्ह. आयडलिंगला पडतो, रेसवर बऱ्यापैकी चढतो, तर फट जास्त आहे, पंप झिजलाय किंवा तेल पातळ आहे. काटा थरथरतो, तर पंप हवा ओढतोय: तेलाची पातळी, जाळीचा पाइप आणि त्याचा जोड तपासा. सगळीकडेच कमी असेल, तर गॅलरीचा, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेचा, एखादा प्लग राहिलाय का बघा. ब्लॉक धुताना प्लग काढतात आणि परत बसवायचा विसरतात. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

खरा घोळ बहुतेक वेळा फटीतच असतो. जर्नलच्या, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या, दर इंच व्यासाला एक थाउ (इंचाचा हजारावा भाग) फट, हा साधारण नियम. दोन इंची मेन जर्नलला दोन थाउ, म्हणजे ०.०५ मिमी. बेअरिंगमधून गळणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. दोनाचे तीन थाउ झाले, की गळती जवळजवळ साडेतीन पट. म्हणून ‘वीस साइझचा बेअरिंग टाकला’ (वीस थाउ घासलेल्या क्रँकसाठीचा) एवढ्यावर समाधान मानू नका. लेथवाल्याने क्रँक अर्धा-एक थाउ जास्त घासला असेल, तर नव्या बेअरिंगनेही प्रेशर येणार नाही. बेअरिंग बसवून कॅप टॉर्कला आवळा, आतला व्यास बोअर डायल गेजने घ्या, जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांनी आणि दोन्ही टोकांना घ्या, आणि वजाबाकी करा. प्लास्टिगेजची पट्टी (फटीत चेपून जिच्या रुंदीवरून फट कळते) मिळाली तर काम सोपं होतं. मात्र पट्टी ठेवल्यावर क्रँक फिरवायचा नाही.

कॅमशाफ्टचे बुश विसरू नका. नवीन बुश ठोकताना त्याचं तेलाचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आलं पाहिजे. झिजलेला रॉकर शाफ्टही तेल गळवतो. मात्र वर भरपूर तेल दिसलं म्हणून प्रेशर चांगलं, असं समजू नका.

पंप रोटरचा आहे. कव्हर काढा, तोंडावर सरळ पट्टी ठेवा आणि फिलर गेजने मोजा. रोटर आणि पट्टीत ०.१२७ मिमीपेक्षा जास्त नको, दोन रोटरच्या पाकळ्यांत ०.१५२ पर्यंत, बाहेरचा रोटर आणि बॉडीत ०.२५४ पर्यंत. फक्त पहिली फट जास्त असेल, तर कव्हरच्या डॉवेल पिना काढून बॉडीचं तोंड सपाट काचेवर बारीक पेस्टने घासता येतं. बाकीच्या दोन मापांत पंप नापास झाला, तर नवा घ्या. कव्हरवर रोटरची गोल चाकोरी पडली असेल, तर तेही घासा. जोडताना बाहेरच्या रोटरची चँफर (उतरती कड) असलेली बाजू बॉडीच्या आत जाते. उलटी बसवू नका.

आता रिलीफ व्हॉल्व्ह. ब्लॉकच्या बाजूला, मागच्या अंगाला मोठा घुमटी नट असतो, त्याच्या आत. व्हॉल्व्ह बोटाने सरकवताना अडखळता कामा नये. बसायच्या जागेवर कचऱ्याचा ओरखडा असेल, तर बारीक पेस्टने घासून बसवा, आणि नंतर ती जागा धुऊन पेस्टचा कण न कण काढा. तो कण पुढे बेअरिंगमध्ये गेला, तर फुल काम पुन्हा. स्प्रिंग नव्याशेजारी उभी करून लांबी बघा. आखूड झाली असेल तर बदला. रेसवरचं प्रेशर कमी असेल, तरच स्प्रिंगखाली एखाद-दीड मिमीचा शिम (पातळ चकती). वेटोळी एकमेकांना टेकणार नाहीत आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडेल, याची खात्री करा. नाहीतर थंड सकाळी, घट्ट तेलावर, फिल्टरचं पॅकिंग फुटतं आणि पंपाचा ड्राइव्ह गिअर झिजतो.

चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) बसवताना सिलिकॉन थोडंच लावा. आत दबलेली सिलिकॉनची शेवई सुटून थेट जाळीवर बसते.

पंप जोडताना रोटरमध्ये व्हॅसलीन भरा, ग्रीस नको. व्हॅसलीन तेलात विरघळतं. फिल्टर तेलाने भरा, स्पार्क प्लग काढा, आणि गेजचा काटा उठेपर्यंत थोड्या-थोड्या वेळाने स्टार्टर मारा. काटा उठत नसेल, तर इंजिन चालू करून बघू नका. पंपात तेल पोचलंच नाही. तेल २०डब्ल्यू-५० ग्रेडचं. फटी जास्त असताना घट्ट तेल आणि दुरुस्तीच्या बाटल्या घालून गाडी गिऱ्हाइकाला देणं, ही लबाडी आहे. ५०० किलोमीटरवर तेल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून घडीचा कागद उलगडा. त्यात बेअरिंगच्या धातूची करडी चकाकी दिसली, तर चेंबर लगेच उतरवा.