मनगटात कॅल्शियम साठलंय? मग या चुका टाळा

"डॉक्टर, दूध बंद करू ना?" कोथरूडमधल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये एक्स-रे पाकिटातून बाहेर यायच्या आधी हा प्रश्न येतो. नका करू. कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या आणि आपण जिला सरसकट 'शीर' म्हणतो त्या दोरीत, साठणारं कॅल्शियम ताटातून येत नाही. रक्तातलं कॅल्शियमही बहुतेकांचं नॉर्मलच असतं.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. मनगट लाल झालं, सुजलं, की 'पू झालाय' म्हणून मोकळं व्हायचं. गणपतीच्या आदल्या आठवड्यात एक काकू आल्या. मोदकांच्या ऑर्डरी घेतात. रात्री करंगळीच्या बाजूला मनगट ठणकायला लागलं ते पहाटेपर्यंत असं, की साडीच्या निऱ्या धरवेनात. कुठेतरी अँटिबायोटिक सुरू झालं. चार दिवसांत फरक नाही, तेव्हा 'चिरून बघू' म्हणून तारीखही मिळाली. ताप नाही, जखम नाही, शुगर नाही, पांढऱ्या पेशी नॉर्मल. एक्स-रे समोरून आणि बाजूने काढलेला, रिपोर्ट 'नॉर्मल'.

तळव्याच्या बुडाशी, करंगळीच्या रेषेत वाटाण्याएवढं हाड लागतं, पिसिफॉर्म. तिथे मी नुसतं बोट टेकवलं, तर काकू खुर्चीसकट मागे सरकल्या. फ्लेक्सर कार्पी अल्नारिस ही कंडरा तिथेच चिकटते आणि मनगटातलं कॅल्शियम सर्वांत जास्त वेळा तिथेच सापडतं. नेहमीच्या दोन फिल्ममध्ये हे हाड बाकीच्या हाडांवर चढलेलं दिसतं, त्यामुळे ठिपका लपतो. ओळखीच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून तिरकी फिल्म काढून घेतली. पिंजलेल्या कापसासारखा पांढरा डाग, कडा नसलेला. हाडाचा तुकडा उडाला असता तर कड दिसली असती.

स्प्लिंट (मनगट हलू न देणारा आधार), बर्फ, आणि बीपी-किडनी-अ‍ॅसिडिटी विचारून डॉक्टरांनी दिलेली सुजेवरची गोळी. चौथ्या दिवशी काकूंनी स्वतः चहा गाळला. महिन्याभराने फिल्म काढली तर डाग गायब. शरीर ते शोषून घेतं, आणि गंमत म्हणजे ठणका बहुधा या शोषण्याच्या काळातच लागतो.

मात्र ताप, थंडी, जखम किंवा मधुमेह असेल तर घरी डोकं लढवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खरा पू असेल तर थांबून चालत नाही.

दुसरी चूक, चोळणं. 'शीर चढलीय, उतरवून देतो' म्हणणारा एकजण प्रत्येक सोसायटीत असतो. तेल कोमट करून अंगठ्याने रगडायचं, आणि रात्री पेशंट जागा. पेटलेल्या जागेला कशाला रगडता? पहिले काही दिवस मी स्वतः तिथे हात लावत नाही, मशीनही नाही. त्यावर जिमवाली मुलं नाराज होतात. तिसऱ्या दिवशी स्माइलीचा बॉल दाबत येतात, 'रिकव्हरी फास्ट व्हावी म्हणून'. दोन आठवडे निघत नाहीत यांच्याने.

बाकीचं थोडक्यात. यूरिक अ‍ॅसिड जरासं जास्त दिसलं म्हणून गाऊटच्या, म्हणजे यूरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीच्या, गोळ्या मनाने सुरू करू नका. क्रेप बँडेज बोटं निळी पडेपर्यंत आवळायचं नसतं. इंजेक्शनचा काहींना उपयोग होतो, पण 'आज द्या, रविवारी मॅच आहे' हे कारण नव्हे. स्प्लिंट महिनाभर ठेवलात तर दुखणं जाईल आणि मनगट आखडेल. ठणका ओसरला की मी दिवसातून दोनतीनदा ते काढायला लावते, कोमट पाण्यात हात, बोटं उघड-मीट, बास. आणि स्प्लिंट घालून स्कूटर नको. ब्रेक पुरता दाबला जात नाही हे लक्ष्मी रोडच्या गर्दीत कळून काय उपयोग?