सीपॅप मशीन घेताना: आधी लेखी उत्तर, मग डीलर

स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार) आहे आणि रात्री सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं की दोन फोन हमखास येतात. एक डीलरचा: ऑफर आजच्यापुरती आहे. दुसरा कुणा नातेवाइकाचा: एक रात्र ॲडमिट हो, मेडिक्लेममधून पैसे निघतील. दोघांचंही ऐकू नका. घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी हे काम मी पुष्कळदा केलं आहे. यात पैसे बुडतात ते क्रम चुकल्यामुळे. मशीन आधी येतं, आणि कागद मागून धावत राहतात.

१. स्लीप स्टडी आणि चिठ्ठी

स्लीप स्टडीच्या, म्हणजे झोपेच्या चाचणीच्या, रिपोर्टमध्ये एएचआय हा आकडा हवाच. झोपेत तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा मंदावला, त्याची ही सरासरी. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. खर्च सरकारी योजनेतून मिळवायचा असेल तर घरी करायच्या चाचणीवर थांबू नका, लॅबमध्ये तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली होणारी लेव्हल वन स्टडी करून घ्या.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर निदान, एएचआय, मशीनचा प्रकार (साधा सीपॅप, दाब स्वतः कमी-जास्त करणारा ऑटो, की श्वास घेताना आणि सोडताना वेगळा दाब देणारा बायपॅप), प्रेशर, मास्कचा प्रकार आणि 'घरी रोज रात्री वापरण्यासाठी' हे शब्द हवेत. नुसतं 'सीपॅप ॲडव्हाइज्ड' लिहिलेल्या चिठ्ठीवर कुणी पैसे देत नाही.

२. विमा: सगळी अडचण इथेच

आमच्या घरची पहिली फाइल याच पायरीवर महिनोन्महिने अडकली होती, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ॲडमिट होण्याच्या सल्ल्याबद्दल. भारतातल्या आरोग्य विमा पॉलिसींत एक्सक्लूजन ०४ नावाचं प्रमाणित कलम असतं. मुख्यतः तपासणी आणि निदानासाठी झालेल्या ॲडमिशनचा खर्च मिळणार नाही, असं ते सांगतं. स्लीप स्टडीसाठी काढलेली रात्र नेमकी त्यात बसते. मग कुणी सुचवतं की छातीत दुखतंय असं लिहून घ्या. हा खोटा क्लेम आहे. पकडला गेला तर पॉलिसीच रद्द होऊ शकते, आणि पुढे हृदयाच्या खऱ्या दुखण्यात घर उघड्यावर पडतं. स्लीप अ‍ॅप्नियाच्या माणसाला रक्तदाबाचा आणि हृदयविकाराचा धोका मुळातच जास्त असतो. त्याने हे अजिबात करू नये.

दुसरा सल्ला असतो, मशीन हॉस्पिटलच्या बिलात घाला. तेही चालत नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या यादीत सीपॅप आणि बायपॅप हे 'उपचाराच्या खर्चातच धरायच्या' वस्तूंमध्ये मोडतात. आयसीयूत लावलेल्या बायपॅपचे वेगळे पैसेही कंपनी कापते. घरी न्यायच्या मशीनचे ती कुठून देणार?

मग विचारायचं काय? बहुतेक लोक कस्टमर केअरला फोन करून विचारतात, 'स्लीप अ‍ॅप्निया कव्हर आहे का?' समोरून 'हो सर' येतं आणि माणूस निर्धास्त होतो. तो 'हो' आजाराबद्दलचा आहे, मशीनबद्दलचा नाही. कव्हर असलेल्या आजारासाठी हॉस्पिटलात राहिलात तर त्या मुक्कामाचे पैसे मिळतात. मशीन ही घरी वापरायची वस्तू आहे, तिला वेगळं कलम लागतं. म्हणून फोन करू नका, ईमेल करा आणि एवढंच विचारा: 'घरी वापरायच्या सीपॅप मशीनचा खर्च माझ्या पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली मिळेल? मिळणार नसेल तर कोणत्या कलमामुळे?' कलमाचा क्रमांक असलेलं उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नका. एजंटचा व्हॉट्सॲप मेसेज म्हणजे उत्तर नव्हे.

वैयक्तिक पॉलिसीत हे उत्तर बहुधा 'नाही' येतं. पण ते खरेदीच्या आधी येतं, आणि घराचं बजेट त्यावर ठरवता येतं.

'हो' येण्याची खरी शक्यता दोन ठिकाणी. पहिलं, नोकरीतला ग्रुप मेडिक्लेम. तिथे अटी कंपनीने स्वतः ठरवून घेतलेल्या असतात. काही ग्रुप पॉलिसींत ओपीडी किंवा उपकरणांसाठी वेगळी रक्कम असते, काहींत कॉर्पोरेट बफर, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेली जादा रक्कम, असतो. त्यासाठी टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) मागे लागू नका, एचआरकडून मूळ पॉलिसीची प्रत मागा. दुसरं, सीजीएचएस आणि ईसीएचएस या सरकारी आरोग्य योजना. केंद्र सरकारी कर्मचारी, पेन्शनर आणि माजी सैनिकांना या योजनांतून सीपॅप मिळू शकतो, पण तज्ज्ञाची शिफारस, स्लीप स्टडी आणि पूर्वमंजुरी घेऊनच. रकमेला कमाल मर्यादा असते, वरचे पैसे खिशातून. मुंबई, पुणे, नागपूर इथे सीजीएचएसची केंद्रं आहेत. पेन्शनर आई-वडिलांची फाइल मुलांनी स्वतः जाऊन दाखल करावी, आणि मंजुरीच्या तारखेआधीचं बिल चुकूनही करू नये.

जुन्या आजाराचा मुद्दाही इथेच निघतो. 'दहा वर्षांपासून घोरतात' एवढ्या नोंदीवरून कंपनी पूर्वीपासूनचा आजार ठरवू पाहते. व्याख्या तशी नाही. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेलं असलं, सल्ला दिलेला असला किंवा उपचार झालेले असले, तरच तो आजार पूर्वीचा. बायकोने दहा वर्षं कोपर मारून उठवलं, हे निदान नव्हे. मात्र निदान झाल्यावर नवी पॉलिसी घेत असाल तर फॉर्मवर स्पष्ट लिहा. 1 एप्रिल 2024 पासून जुन्या आजारांची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली आहे. तेवढं थांबणं परवडतं, लपवाछपवी परवडत नाही.

कलम तुमच्या बाजूने असूनही नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत तक्रार करायला हवी. कलमच विरोधात असेल तर मात्र या खटाटोपात पडू नका, ती ताकद पुढच्या पायरीला लावा.

३. डीलर

आधी भाड्याने घ्या. भाड्याने न देणाऱ्या आणि विकत घेतल्यास भाडं वळतं न करणाऱ्या डीलरकडे जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

चर्चा मशीनच्या ब्रँडवर होते, पण माणूस उपचार सोडतो तो मास्कमुळे. मास्क झोपून, तुमच्या प्रेशरवर मशीन चालू ठेवून, कुशीवर वळून पाहायचा. दुकानात खुर्चीवर बसून घट्ट वाटलेला मास्क रात्री डोळ्यांत हवा सोडतो. दाट मिशा असतील तर नाकपुड्यांत बसणारा पिलो मास्क मागा. नाक कायम चोंदलेलं असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि आयात परवाना क्रमांक पाहा. कुणाच्या तरी सामानातून परदेशातून आलेल्या स्वस्त मशीनला इथे वॉरंटी मिळेलच असं नाही. बिलावर रुग्णाचं नाव, मॉडेल, सीरियल नंबर हवा आणि मशीन, मास्क, ह्युमिडिफायर (हवा दमट करणारं पाण्याचं भांडं) यांच्या किमती वेगवेगळ्या हव्यात. 'मेडिकल इक्विपमेंट, नग १' असं बिल घेऊन घरी येऊ नका.

सेकंडहँड शक्यतो नको. फिलिप्सने जून 2021 मध्ये आवाज कमी करणाऱ्या फोममधल्या दोषामुळे पहिल्या पिढीच्या ड्रीमस्टेशनसह बरीच मॉडेल्स परत मागवली होती. तो फोम कुजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. तसली मशीनं अजूनही जुन्या बाजारात दिसू शकतात. घ्यायचंच असेल तर सीरियल नंबर कंपनीकडे तपासून घ्या.

४. पहिला महिना

मशीनचा डेटा तुमच्या ॲपवर किंवा कार्डावर मिळेल, हे डीलरकडून आधीच कबूल करून घ्या. किती तास वापर झाला, हवा किती गळते आणि मशीन लावूनही एएचआय किती राहतो, हे तीन आकडे महिनाअखेर डॉक्टरांना दाखवा. प्रेशर डॉक्टर बदलतील, डीलर नाही. ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घाला, बोअरचं नको.