कृषी पर्यवेक्षकांना नेमकं कोणतं ट्रेनिंग हवंय ते कसं शोधायचं

"कोणतं ट्रेनिंग हवं?" असा फॉर्म पाठवला की उत्तरं ठरलेली येतात, कीड-रोग, नवीन वाण, कॉम्प्युटर. पण पर्यवेक्षकाचं काम वेगळं असतं हो, हाताखालच्या लोकांना शिकवणं, त्यांचं कुठे अडतंय ते ओळखणं, काम नीट करून घेणं, आणि पिकातला हुशार माणूस यात आपोआप हुशार होत नाही.

म्हणून आधी कामाची यादी करा. भेटींचं नियोजन, प्रात्यक्षिकाची पाहणी, बैठक घेणं, रिपोर्ट, संशोधकांची शिफारस सोप्या भाषेत खाली पोचवणं आणि शेतकऱ्यांच्या अडचणी वर नेणं. 20-25 कौशल्यं पुरेत, त्याहून लांब यादी असली की लोक न वाचताच टिक मारत सुटतात.

मग शिक्षणतज्ज्ञ गॅरी बोरिच यांची 1980 ची पद्धत वापरा, कृषी विस्तारात, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत शेतीची माहिती पोचवण्याच्या कामात, ती बरीच वापरतात. प्रत्येक कौशल्याला 1 ते 5 मध्ये दोनदा मार्क द्यायचे, कामाला किती महत्त्वाचं आणि मला किती जमतं. महत्त्वातून जमण्याचे मार्क वजा करा, आलेल्या फरकाला त्या कौशल्याच्या महत्त्वाच्या सरासरीने गुणा. समजा एकाने महत्त्व 5 दिलं, जमतं 2, फरक 3, आणि सगळ्यांच्या महत्त्वाची सरासरी 4.6, तर त्याचा स्कोअर 13.8. असे सगळ्यांचे स्कोअर काढून सरासरी घ्या, ज्या कौशल्याची सरासरी सगळ्यात मोठी ते आधी.

पण एवढ्यावर थांबू नका प्लीज, स्वतःला मार्क देताना कुणी हात सैल सोडतं तर कुणी उगाच कमी देतं. तीच यादी हाताखालच्यांकडून नाव न घेता भरून घ्या, साहेबांकडूनही घ्या, आणि एक दिवस पर्यवेक्षकासोबत शिवारात जा. कर्मचाऱ्याचं प्रात्यक्षिक संपल्यावर पर्यवेक्षक फक्त रजिस्टरवर सही करतो, शेतकऱ्यांसमोरच झापतो, की बाजूला घेऊन काय चांगलं झालं आणि काय सुधारायचं ते सांगतो, हे बघा. माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच कळतं.

मार्कांचा बदली-बढतीशी संबंध नाही हे आधीच स्पष्ट सांगा आणि पाळाही, नाहीतर खरं कुणी लिहिणार नाही.

आता प्रत्येक कमतरतेला एकच प्रश्न, उद्या गाडी, वेळ आणि पुरेशी माणसं दिली तर हे जमेल का? जमणार असेल तर तिथे ट्रेनिंग देऊन उपयोग नाही, ती मागणी वेगळी लिहून वरिष्ठांकडे पाठवा. उरलेल्यातली वरची चार-पाच कौशल्यं ट्रेनिंगला घ्या, आणि काही महिन्यांनी शिवारात जाऊन तीच पाहणी परत करा.