पुळण मोजताना दोन्ही टोकं गाठा

दोन कातळांच्या मध्ये अडकलेली छोट्या बेटावरची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, मी मोजायला घेतली, तेव्हा वर्षभर एकाच टोकाला मोजत राहिले. कारण काय, तर तिथे सावली होती! वाळू दर महिन्याला खाली जात होती, गाडलेला कातळ उघडा पडला, आणि पुळण संपत आल्याचं मी चार जणांना सांगूनही टाकलं. मग एकदा सहज दुसऱ्या टोकाला गेले, तर उतरायच्या तीन पायऱ्या वाळूखाली.

अशा पुळणीतली वाळू बाहेर फारशी जात नाही. लाटांची दिशा बदलली की ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकते. सिडनीच्या नॅराबीन किनाऱ्यावर १९७६ पासून मोजणी चालू आहे, तिथेही हे दिसतं. म्हणून किनाऱ्यापासून पाण्यापर्यंत मोजायच्या रेषा तीन घ्या: दोन्ही टोकांना एकेक, मध्ये एक. सुरुवातीची खूण पक्क्या कातळावर रंगाने करा. झाडावर नको, धूप झाली की झाडच जातं.

साहित्य म्हणजे दीड मीटरच्या दोन काठ्या आणि तेवढीच दोरी. सागरी भूवैज्ञानिक एमरी यांनी १९६१ साली मांडलेली ही पद्धत आहे. काठ्यांवर वरच्या टोकापासून खाली सेंटिमीटर आखा. एक काठी खुणेपाशी, दुसरी दोरी ताणून समुद्राकडे, दोन्ही सरळ उभ्या. मागच्या काठीशी डोळा हळूहळू खाली आणा. पुढच्या काठीचं टोक क्षितिजाला टेकलेलं दिसलं की थांबा आणि मागच्या काठीवरचा आकडा वाचा: तेवढा उतार. चढ असेल तर उलट, मागच्या काठीच्या टोकावरून क्षितिज बघायचं आणि आकडा पुढच्या काठीवर वाचायचा. मग मागची काठी पुढच्या काठीच्या जागी आणि पुढची आणखी पुढे. असं पाण्यापर्यंत. ओल्या वाळूत काठी रुतते, बुडाला लाकडी चकती ठोका.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पूर्ण ओहोटीला जा. वादळानंतर किनारा खरवडलेला दिसेल, पण घाबरू नका. बरीचशी वाळू जवळच पाण्याखाली बांधासारखी साचते, शांत लाटा ती हळूहळू परत आणतात. म्हणून तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. तिन्ही रेषा वर्षानुवर्षं खालीच जात असतील, तर मात्र धूप खरी.

मग चिमूटभर वाळू धुऊन तिच्यावर व्हिनेगर टाका. भरपूर फसफसली तर ती शिंपल्या-प्रवाळांचा चुरा आहे, तेव्हा समोरच्या प्रवाळाची तब्येत आधी बघा.

आणि वहीत दर वेळी लाटा कुठून येतात ते लिहा. माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीत तो रकानाच नाही.