मालिकेवर इंग्रजीत गप्पा मारायच्या, तर...

इंग्रजी मालिका बघून समजते, पण तिच्याबद्दल बोलायची वेळ आली की गाडी 'इट वॉज व्हेरी नाइस'पाशी अडते. शब्द कमी पडतात असं आपल्याला वाटतं. खरी अडचण अशी असते की 'काय ताणलीय!' किंवा 'तीच भाव खाऊन गेली' ही जी वाक्यं आपण मराठीत सहज बोलतो, त्यांची इंग्रजी जोडी आपण कधी शोधलेलीच नसते. म्हणून याद्या पाठ करू नका, उलट्या टोकानं सुरुवात करा. भाग संपल्यावर मनात आलेली पाच मराठी वाक्यं लिहा आणि प्रत्येकासमोर इंग्रजी वाक्प्रचार अख्खा, त्याच्या शब्दयोगी शब्दासकट लिहा. एका भागामागे पाच पुरेत. वीस लिहिले तर चार दिवसांनी दोनही आठवत नाहीत.

आधी थोडी साफसफाई करू या. मराठी बोलताना आपण वापरतो ते काही शब्द इंग्रजी असले, तरी इंग्रजीत त्यांचा अर्थ वेगळा आहे. 'सीरियल' म्हटलं की अनेकांना आधी दुधात घालून खायचा पदार्थ आठवतो, कारण दोन्हींचा उच्चार एकच. 'शो' किंवा 'सीरीज' म्हणा. 'सीरीज'चं एकवचन आणि अनेकवचन सारखंच असतं. शिवाय अमेरिकन माणूस ज्याला 'सीझन टू' म्हणतो, त्यालाच ब्रिटिश माणूस 'सीरीज टू' म्हणतो. रंगमंचावरचं नाटक म्हणजे 'प्ले'. टीव्हीच्या संदर्भात 'ड्रामा' म्हणजे गंभीर कथानकाची मालिका. 'आर्टिस्ट' म्हटल्यावर चित्रकार डोळ्यांपुढे येतो, म्हणून नटाला 'अ‍ॅक्टर'च म्हणा. एखाद्या पात्राच्या तोंडचं एक वाक्य म्हणजे 'लाइन', तर 'डायलॉग' म्हणजे एकूण संवाद. 'लव्ह ट्रॅक'ऐवजी 'स्टोरीलाइन' किंवा 'सबप्लॉट', 'लीप'ऐवजी 'टाइम जम्प', 'टेलिकास्ट'ऐवजी 'एअर' ('इट एअर्स ऑन संडेज'), 'टीआरपी'ऐवजी 'रेटिंग्ज'. 'क्लायमॅक्स' हा कथेतला सर्वांत ताणाचा क्षण असतो. शेवटाला 'एंडिंग' म्हणतात आणि सीझनच्या शेवटच्या भागाला 'फिनाले'.

'सोप' हा शब्द मात्र जपून वापरा. १९३०च्या दशकात अमेरिकेत रेडिओवरच्या रोजच्या कौटुंबिक मालिकांना साबण बनवणाऱ्या कंपन्या पैसा पुरवायच्या, तिथून 'सोप ऑपेरा' हे नाव पडलं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेला तो शब्द शोभतो. कुणाच्या आवडत्या आठ भागांच्या गुन्हेकथेला 'सोप' म्हणालात, तर ती टीका वाटते.

आता खरा माल. मालिका आवडली हे सांगायला 'आय एम हुक्ड' म्हणा. कशाचं वेड ते सांगायचं असेल तर 'हुक्ड ऑन'. मन रमलं नाही, तर 'आय कुडन्ट गेट इनटू इट'. श्वास रोखून बघितली, तर 'आय वॉज ऑन द एज ऑफ माय सीट'. 'सीट'च्या जागी कधी 'चेअर'ही ऐकू येतं, पण 'सीट' जास्त रूढ आहे. पुढे काय होणार याचा पत्ताच लागू देत नाही, तर 'इट कीप्स यू गेसिंग'. धक्का बसला, तर 'आय डिडन्ट सी दॅट कमिंग', आणि आधीच कळलं होतं, तर 'आय सॉ इट कमिंग'. मुद्दाम दिशाभूल करणारा धागा म्हणजे 'रेड हेरिंग'. न पटणारं कथानक 'फार-फेच्ड', भडक ते 'ओव्हर द टॉप', आणि पाणी घालून वाढवलेला भाग म्हणजे 'फिलर एपिसोड'. 'काय ताणलीय'ला सगळ्यात जवळचं 'इट रिअली ड्रॅग्ज'. आणि भाव खाऊन जाणारी नटी? 'शी स्टील्स द शो'. मराठीत ती भाव खाते, इंग्रजीत ती अख्खा शो चोरते. एकदा लक्षात आलं की हा वाक्प्रचार विसरत नाही.

'इट ग्रू ऑन मी' म्हणजे ती मालिका मला हळूहळू आवडायला लागली. अनेकजण 'आय ग्रू ऑन इट' म्हणतात आणि अर्थ उलटा होतो. इथे मराठीच मदतीला येते. 'मला ती आवडायला लागली' या वाक्यात क्रियापद 'ती'प्रमाणे चालतं, आणि इंग्रजीतही कर्ता 'इट'च आहे. कंटाळ्याचं मात्र निराळं. 'मला कंटाळा आला'साठी 'आय गॉट बोअर्ड'. 'आय अ‍ॅम बोअरिंग' म्हटलंत तर 'मी कंटाळवाणा माणूस आहे' असा अर्थ होतो.

छोटा शब्द अर्थ कसा फिरवतो, ते 'ऑफ'मध्ये बघा. 'दे किल्ड हिम' म्हणजे गोष्टीतल्या माणसांनी त्याचा खून केला. 'दे किल्ड हिम ऑफ' म्हणजे लेखकांनी त्या पात्राचा मृत्यू दाखवून त्याला मालिकेतून काढलं. मृत्यू न दाखवता, परदेशी वगैरे पाठवून बाहेर काढलं असेल, तर 'ही वॉज रिटन आउट'. एखादं पात्र जिंकावं असं मनापासून वाटत असेल, तर 'आय एम रूटिंग फॉर हर' म्हणा. ऑस्ट्रेलियन माणसाशी बोलताना मात्र हे टाळा, तिथे 'रूट'ला अश्लील अर्थ आहे.

'जम्प द शार्क' हा वाक्प्रचारही कानावर पडेल. १९७७ साली 'हॅपी डेज' या अमेरिकन मालिकेत एका लोकप्रिय पात्रानं वॉटर स्की करत शार्कच्या वरून पलीकडे उडी मारली. चांगली मालिका लक्ष वेधण्यासाठी काहीतरी अचाट करते आणि तिथून घसरणीला लागते, त्या वळणाला पुढे हेच नाव मिळालं: 'इट जम्प्ड द शार्क इन सीझन फोर'. एकाच फसलेल्या भागाला हे लावू नका.

सगळ्यात जास्त चुका होतात गोष्ट सांगताना. मराठीत आपण 'तिनं पत्र उघडलं आणि तिला कळलं की भाऊ जिवंत आहे' असं भूतकाळात सांगतो, आणि इंग्रजीत 'शी ओपन्ड द लेटर अँड केम टू नो...' असं होतं. कथानक सांगताना इंग्रजी साधारणपणे साध्या वर्तमानकाळात राहते: 'सो शी ओपन्स द लेटर, अँड इट टर्न्स आउट हर ब्रदर इज स्टिल अलाइव्ह.' 'केम टू नो' बोलण्यात जड वाटतं, त्याऐवजी 'फाइंड्स आउट' घ्या. रहस्य उलगडतं तिथे 'इट टर्न्स आउट' ठेवा. आपल्या बघण्याबद्दल बोलताना मात्र भूतकाळच: 'आय वॉच्ड इट लास्ट नाइट'. 'काल बघितलंय' डोक्यात ठेवून 'आय हॅव्ह सीन इट यस्टरडे' म्हणू नका. 'यस्टरडे' आलं की 'हॅव्ह' गेलं. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' येत नाही, 'टॉक'नंतर येतं.

सराव असा करा. तीन मिनिटांचा एकच प्रसंग निवडा. पहिल्यांदा सबटायटल बंद ठेवून बघा, दुसऱ्यांदा इंग्रजी सबटायटल लावून, तिसऱ्यांदा हवा तो वाक्प्रचार आला की थांबून मोठ्यानं म्हणा. मराठी सबटायटल लावली की डोळे वाचत राहतात आणि कान सुट्टीवर जातात. वाचायला वेळ मिळावा म्हणून सबटायटलमध्ये बोलणं बरेचदा आटोपशीर केलेलं असतं. ऐकलेलं आणि लिहिलेलं जुळलं नाही, तर प्रसंग पुन्हा ऐका. 'सीसी' असं लिहिलेला पर्याय असेल तर तोच घ्या. ऐकू न येणाऱ्यांसाठी त्यात आवाजही लिहिलेले असतात: धक्क्यानं श्वास आत ओढला की 'गॅस्प्स', हलकेच हसलं की 'चकल्स', तुच्छतेनं फिस्स केलं की 'स्कॉफ्स'. गोष्ट सांगताना हे शब्द फार उपयोगी पडतात.

मग फोनवर एक मिनिट बोलणं रेकॉर्ड करा, फक्त चार वाक्यं: मालिका कशाबद्दल ('इट्स अबाउट अ लॉयर हू...'), कुठे घडते ('इट्स सेट इन...'), काय घडलं, आणि तुम्हाला काय वाटलं. ऐकताना दोनच गोष्टी तपासा: काळ घसरला का, आणि 'ऑन', 'ऑफ', 'आउट' गळाले का. उच्चारांकडे नंतर बघू. भाग संपल्यावर लिहिलेली ती पाच इंग्रजी वाक्यं दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी पुन्हा म्हणा, पण प्रत्येक वेळी वेगळ्या मालिकेबद्दल. एकाच मालिकेला चिकटलेला वाक्प्रचार दुसरीकडे सुचत नाही.

गप्पांत उतरताना आधी 'हाउ फार इन आर यू?' विचारा, म्हणजे समोरचा कुठवर पोचलाय ते कळेल. तो मागे असेल, तर 'आय वोन्ट गिव्ह एनिथिंग अवे' म्हणून त्याला निश्चिंत करा. त्याची आवडती मालिका तुम्हाला आवडली नसेल, तर 'इट्स नॉट रिअली माय कप ऑफ टी' पुरे. हा वाक्प्रचार बहुतेक नकारातच वापरतात. आणि बोलणं तुमच्यापाशी अडलं, तर 'व्हॉट डिड यू मेक ऑफ द एंडिंग?' विचारा. 'डिड यू लाइक इट?'ला 'येस' म्हणून माणूस गप्प बसू शकतो. 'मेक ऑफ' विचारल्यावर त्याला शेवटाचा आपण लावलेला अर्थ सांगावा लागतो, आणि त्या उत्तरात तुमच्या वहीसाठी नवे दोन वाक्प्रचार हमखास सापडतात.